ब्राह्मीच्या हादग्याची खिरापत

बढाई मारायची मला सवय नाही. पण गुपित कसं राखावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ सांगलीला माझ्याकडे यावं. मी भरतेश, बेदाण्याचा व्यापारी. उद्याच्या सौद्यात मी काय करणार, हे आदल्या दिवशी माझ्या बायकोला कळत नाही, दुकानातल्या माणसांना कळत नाही, कधीकधी तर मलासुद्धा कळत नाही! अशा माणसाला एक डबाभर खिरापत गुपित ठेवणं म्हणजे काय हो? डाव्या हातचा मळ!

आता खिरापतीचं सांगतो. आमच्या गल्लीत नवरात्राच्या आसपास पोरींचा हादगा असतो. रोज एकीच्या घरी. रांगोळीचा हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत खायची. पण ही खिरापत अशी सुखासुखी हातावर पडत नाही. आधी बंद डबा वाजवून आत काय आहे ते ओळखावं लागतं. जिची खिरापत कुणालाच ओळखता येत नाही, ती पोरगी वर्षभर गल्लीत मान ताठ करून फिरते. आणि जिची पटकन ओळखतात तिचं काय होतं, ते आमच्या ब्राह्मीला विचारा.

ब्राह्मी आमची एकुलती एक, यंदा पहिलीत गेली. गेल्या वर्षी तिच्या हादग्याला डबा अजून स्वयंपाकघरातून बाहेरही आला नव्हता, तोवर सगळ्या पोरी एका सुरात ओरडल्या, “बेदाणे!”

बापाचा धंदाच बेदाण्याचा म्हटल्यावर त्यात ओळखायचं काय? आणि होतेही बेदाणेच! त्या दिवसापासून गल्लीत तिचं नाव ‘बेदाणी’ पडलं. पोरगी उशीत तोंड खुपसून रडली. मी तिची समजूत घालायला म्हणून खिशातून खाऊ काढला. तेही नेमके बेदाणेच निघाले. मग ती आणखी रडली.

यंदा हादगा जवळ आला तशी ती माझ्याजवळ येऊन गंभीरपणे म्हणाली, “बाबा, आपल्याकडे हादगा नको.”

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, “का नको? घालायचा! यंदा खिरापत मी करणार. अख्ख्या गल्लीत कुणालाही ओळखता आली तर तुझा बाप नाव लावणार नाही!”

“तुम्ही करणार?” माझी बायको पूजा पलीकडून म्हणाली. ती बँकेत असते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीवर चटकन विश्वास ठेवत नाही. “तुम्हाला चहा तरी येतो का?”

मी चपला घालून दुकानाकडे निघालो. मोठी माणसं असल्या प्रश्नांत अडकत नसतात.

खरी अडचण पोरींची नव्हतीच. पोरींना मी सहज गुंडाळलं असतं. अडचण होती शेजारच्या अंबूबाईंची. वय सत्तरच्या पुढं, दात मोजकेच, पण कान आणि नाक अशी की सरकारनं कुठंतरी नेमणूक करावी. डबा नुसता हलवला की चुरमुरे आजचे का कालचे तेही सांगतात. फक्त एक आहे, पोरींचा खेळ मोडू नये म्हणून त्या आपलं उत्तर मोठ्यानं ओरडत नाहीत, जिच्या घरचा हादगा तिच्या कानात सांगतात. ती पोरगी ‘बरोबर’ म्हणाली की खेळ खलास. आजवर अंबूबाईंना ‘नाही’ ऐकावं लागलंय असं कुणाला आठवत नाही.

म्हणजे हवा असा पदार्थ की जो वाजणार नाही, ज्याचा वास बाहेर पडणार नाही आणि जो कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. गाजराचा हलवा डोक्यात आला होता, पण आम्ही जैन, आमच्याकडे कंद चालत नाही. त्याच विचारात मोबाईलवर शोधता शोधता मला साक्षात्कार झाला. कच्च्या पपईचा हलवा! वाचकहो, तुम्ही ओळखला असता? खरं सांगा!

मग मी कामाला लागलो. सांगलीत पपई घेतली असती तर गल्लीत बातमी माझ्याआधी पोचली असती. म्हणून स्कूटर काढून थेट मिरजेला गेलो. पपई घेतली, कापडी पिशवीत घातली, वरून टॉवेल झाकला. गल्लीच्या तोंडाशी पोरींची टोळी उभीच होती. पुढे शिवांजली. ही समोरच्या हंबीररावाची मुलगी, तिसरीत आहे, पण जरब मुख्याध्यापिकेची.

“काका, पिशवीत काय आहे?”

“हेल्मेट!” मी ताडकन म्हणालो.

“हेल्मेट तर तुमच्या डोक्यावर आहे.”

“हे जादाचं. घरच्यांना.”

ती पिशवीकडे बघत राहिली. मी स्कूटर पळवली.

हादग्याच्या दिवशी पूजा बँकेत, ब्राह्मी शाळेत. मी दुकानात निरोप दिला की अंगात कणकण आहे, आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. पपई सोलली. साली घरातल्या कचऱ्यात टाकणं म्हणजे पुरावा ठेवणं! मागच्या बोळात एक गाय उभी होती, तिच्यापुढे टाकल्या. किसणीवर पपई किसली, तिच्याबरोबर थोडं माझं बोटही किसलं. कढईत तूप सोडलं, कीस परतला, दूध ओतलं आणि मग वासाचा विचार आला. साजूक तूप बोलायला लागलं होतं! म्हणून मी खिडकी लावली आणि एकदम अर्धा पुडा उदबत्त्या पेटवल्या. तरी तूप ऐकेना, म्हणून त्यात धूपही टाकला.

धुरानं मला समोरची कढई दिसेना. एवढ्यात दारावर धडाधडा थापा!

“भरतेशराव! आग लागलीय काय? दार उघडा!”

हंबीरराव! फौजेतून निवृत्त झालेला, तरुणपणी कडेगावकडची मैदानं गाजवलेला पैलवान. मला दार उघडायला वेळ लागला असता तर त्यानं ते चौकटीसकट आत आणलं असतं. मी घाईघाईनं कढईवर परात उपडी घातली आणि कडी काढली. हंबीरराव हातात बादली घेऊन तयारीतच होता. मी “थांबा!” म्हणेपर्यंत अर्धी बादली माझ्या अंगावर आली.

“कुठं हाय आग?”

“आग नाही हो! उदबत्ती लावलीय.”

“एवढी?” त्यानं धुरातून नजर फिरवली. “आनि परातीखाली काय हाय?”

“परातीखाली... कढई आहे.”

“आनि कढईत?”

मी ताठ उभा राहिलो. अंगातून पाणी निथळत होतं. म्हटलं, “हंबीरराव, तुमी फौजेत होता. सीक्रेट म्हंजे सीक्रेट!”

त्यानं एकदम टाचा जुळवल्या. “समजलो, साब!” म्हणाला आणि उरलेली बादली घेऊन निघून गेला. फौजी माणसाशी कसं बोलायचं ते मला बरोबर कळतं.

हलवा झाला! साखर, खवा, वेलदोडा, सगळं जमून आलं. चाखून बघितला आणि मीच मला शाबासकी दिली. आता डबा. कपाटात पूजाच्या माहेरचा स्टीलचा डबा होता. झाकण घट्ट, वर कोरलेलं, ‘चि. पूजा हिस आईकडून’. डबा वाजता कामा नये, म्हणून मी हलवा गरमागरम असतानाच दाबून दाबून काठोकाठ भरला. वास बाहेर पडता कामा नये, म्हणून वाफा निघत असतानाच झाकण लावलं. काठाला तूप लागलं होतं, ते पुसलं नाही, म्हटलं तेवढीच फट बुजेल. झाकण जरा वर येतंय असं वाटलं, म्हणून डबा खाली ठेवून वर गोणपाट टाकलं आणि चक्क त्याच्यावर बसलो. वाचून हसू नका. बुडाला चांगला चटका बसला होता!

ब्राह्मी शाळेतून आली. “बाबा, काय केलंय? मला सांगा ना!”

सांगावंसं फार वाटलं. पण तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. मी घोरतो हे तिनं शाळेच्या गॅदरिंगमध्ये माईकवर सांगितलं होतं. मी तिला समोर बसवून म्हणालो, “बाळा, कुणी काहीही म्हणालं तरी तू एकच म्हणायचं, ‘नाही’.”

“आणि बरोबर म्हणालं तर?”

“बरोबर म्हणणारा अजून जन्माला यायचाय! तू बिनधास्त ‘नाही’ म्हण.”

संध्याकाळी आमच्या दारात हादगा सुरू झाला. नव्या परकर-पोलक्यातल्या पोरी, मध्ये रांगोळीचा झकास हत्ती. फेर झाले, गाणी झाली आणि डबा बाहेर आला. चेहऱ्यावरून कुणाला अंदाज येऊ नये म्हणून मी आतल्या खोलीत दाराआड, फटीला डोळा लावून उभा होतो. बाहेर इतका कल्ला की कोण काय म्हणतंय ते कळत नव्हतं. ऐकू येत होता तो फक्त माझ्या ब्राह्मीचा खणखणीत आवाज.

“नाही!”

पुन्हा गलका.

“नाही!”

शिवांजलीनं डबा कानाशी नेऊन हलवला, उलटा केला, सुलटा केला. डबा ढिम्म! “वाजतच नाही गं!” ती वैतागून ओरडली. मी दाराआड स्वतःशीच एक गिरकी घेतली.

मग अंबूबाई उठल्या. पोरींनी सरकून वाट दिली. त्यांनी डबा हातात घेतला, जोखला, ब्राह्मीला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. मी फटीला आणखी चिकटलो.

“नाही!” ब्राह्मी म्हणाली.

अंबूबाईंच्या भुवया कपाळात गेल्या. “न्हाई?”

“नाही!”

पोरींनी एकच आरोळी ठोकली. अंबूबाई हरल्या! दिवाळी आधीच आली म्हणायची! सगळ्या पोरींनी कान धरून “हरलो!” म्हटलं आणि मी विजयी वीरासारखा बाहेर आलो. “आण डबा,” म्हणालो आणि झाकणाला हात घातला.

झाकण निघेना.

हसत हसत जोर लावला. निघेना. रुमाल घेऊन लावला. निघेना! गरम हलव्यावर गच्च झाकण लावलेलं, आतली वाफ थंड झाली आणि डब्यानं झाकण असं आत ओढून धरलं होतं की बोलायची सोय नाही. चमच्याचं टोक घातलं, चमचा वाकला.

“उघडत का नाही, बाबा?” ब्राह्मी हळूच म्हणाली.

“उघडतंय, उघडतंय! नवीन पद्धत आहे.”

शिवांजली कमरेवर हात ठेवून पुढे आली. “काका, डब्यात काही नाहीच आहे ना?”

“नाही कसं? उचलून बघ, जड आहे की!”

“मग दगड घातलाय. म्हणूनच वाजत नाही! खिरापत दाखवल्याशिवाय आम्ही हरलो नाही. खोटारडी बेदाणी!”

“खोटारडी बेदाणी!” पोरींनी री ओढली.

ब्राह्मीचा खालचा ओठ पुढे आला. मला ती गेल्या वर्षीची उशी दिसली. तोंडानं पदार्थाचं नाव सांगून उपयोग नव्हता, विश्वास कोण ठेवणार? डबा उघडलाच पाहिजे! मी गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारली, “हंबीरराव!”

हंबीरराव बाह्या सरसावत आला. “बाजूला व्हा, साब. असली झाकनं आपुन चिमटीत काढतो.” त्यानं चिमटीत धरलं. मग मुठीत धरलं. मग डबा दोन गुडघ्यांत दाबला, दंड फुगवले, डोळे मिटले आणि असा जोर लावला की गळ्याच्या शिरा सुतळीएवढ्या झाल्या. तुपाचा काठ हातातून सुळ्ळकन निसटला, डबा पोरींच्या दिशेनं घरंगळला आणि हंबीरराव मागच्या मागे थेट हत्तीवर बसला! उठला तेव्हा हत्तीची सोंड त्याच्या पँटीला लागली होती.

“माझ्या बाबांना पाडलं!” शिवांजली ओरडली.

“मी कुठं पाडलं? डब्यानं पाडलं!”

हंबीरराव चिडला. “हातोडी आना रं कुनीतरी! एका ठोक्यात तुकडा पाडतो.”

हातोडी आली. वर उचलली गेली. आणि फाटकातून किंकाळी आली, “माझ्या आईचा डबा!”

पूजा बँकेतून परतली होती. तिनं पर्स टाकून डबा पोटाशी धरला. मग तिनं माझ्याकडे, मग हातोडीकडे, मग हंबीररावाच्या पँटीकडे बघितलं. “हातोडी नाही. खिळा नाही. एक ओरखडा उठला तर याद राखा! आणि आत आहे तरी काय?”

मी तिच्याजवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणालो, “ते सांगता येणार नाही.”

“अहो, मी तुमची बायको आहे!”

“म्हणूनच!”

इकडे दोघी-तिघी पोरी चपला घालायला लागल्या होत्या. खिरापतीशिवाय उठणं म्हणजे हादगा मोडला म्हणायचा! ब्राह्मी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिची पाठ बघून मला वाटलं, मीच त्या डब्यात जाऊन बसावं.

तेव्हा कोपऱ्यातून अंबूबाई म्हणाल्या, “आरं, कुस्ती काय करतायसा त्याच्यासंगं! गॅसवर ठिवा घटकाभर. तापला की आपसूक त्वांड उघडंल.”

मी डबा घेऊन आत धावलो. मागोमाग सगळी गल्ली स्वयंपाकघरात! बारीक गॅसवर डबा ठेवला. सगळे बघतायत. काहीच होईना. मी गॅस मोठा केला. डबा पुटपुटायला लागला. मग गुरगुरायला लागला. हंबीरराव पोरींच्या पुढे हात पसरून उभा राहिला. “सगळे पाठीमागं सरका! आता कवाबी—”

ठ्ठाप!

झाकण उडालं, माळ्यावरच्या पातेल्यांना जाऊन धडकलं आणि हलव्याचा एक लपका हंबीररावाच्या मिशीवर! घरभर तुपाचा, वेलदोड्याचा घमघमाट सुटला. हंबीररावानं मिशी चाटली. डोळे मोठे केले. “ग्वाड हाय! दुधीचा हलवा!”

“नाही!” ब्राह्मी भिंत सोडून ओरडली. आवाज परत आला होता!

“कोहळ्याचा?” शिवांजली.

“नाही!”

“मग कशाचा? सांग की गं!”

आता ब्राह्मी माझ्याकडे बघायला लागली. मी खाली वाकलो आणि तिच्या कानात गुपित सांगितलं. तिचे डोळे गोल झाले. तिनं एकदा अंबूबाईंकडे बघितलं. अंबूबाई माळ्यावरची पातेली मोजत होत्या. मग ब्राह्मीनं छाती भरून हवा घेतली आणि तिसऱ्या गल्लीत ऐकू जाईल असं ओरडली, “कच्च्या पपईचा हलवा!”

काय तो जल्लोष! शिवांजलीनं स्वतः येऊन कान धरले, “हरलो बाई!” पोरींनी ब्राह्मीला मध्ये घेऊन पुन्हा फेर धरला. कुणीतरी “बेदाणी” म्हणालं, तर शिवांजलीच तिच्यावर खेकसली, “ब्राह्मी म्हणायचं!” हलवा असा संपला की खाली लागलेली खरवडसुद्धा पोरींनी भांडून खाल्ली. पूजा एक घास खाऊन म्हणाली, “बरा झालाय.” बँकेच्या भाषेत हा सुवर्णपदकाच्या वरचा शेरा आहे. ब्राह्मी माझ्या गळ्यात पडून म्हणाली, “बाबा, तुम्ही लय भारी!” मला खरंच भरून आलं. लपवू कशाला?

पोरी गेल्या. मी वाटीभर हलवा बाजूला काढून ठेवला होता, तो घेऊन अंबूबाईंच्या कट्ट्यावर गेलो. माणसानं जिंकल्यावर नम्र असावं, पण आधी समोरच्याला जिंकल्याचं कळू तरी द्यावं!

“काय अंबूबाई, हरलासा की!”

“व्हय रं बाबा, हरले.” त्यांनी निवांत घास घेतला. “ग्वाड केलायस. पन पपई पाडाला लागल्याली हाय. आनखी कच्ची घ्यायची.”

“ते तुमाला आता खाल्ल्यावर कळलं.”

“दुपारीच कळलं. तुज्या त्या गाईनं साली खाल्ल्या न्हाईत. माझ्या मागल्या दारात सगळा सडा पडल्याला. मग तुपाचा वास आला. उदबत्त्या तर आशा लावल्यास, म्हनलं हे नक्की काय तरी लपीवतंय.”

मी कट्ट्यावर बसलो. बुड दुखत होतं, तरी बसलो. “मग... मग मघाशी सांगितलं का न्हाई?”

“सांगितलं की! पोरीच्या कानात. पपईचा हलवा म्हनले. ती न्हाई म्हनली.”

“अहो, तिला मीच सांगितलं हुतं न्हाई म्हनायला! तिलाच ठाऊक नव्हतं!”

“ते मला झाकन उडाल्यावर समजलं.” त्यांनी वाटी बोटानं पुसून घेतली.

“मग तवा तरी बोलायचं!”

“कशाला?” अंबूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. “पोरीचं त्वांड बघितलास न्हवं?”

बघितलं होतं.  मग त्या पदरानं तोंड पुसत सहज म्हणाल्या, “उद्या शिवांजलीकडं सुरळीच्या वड्या हायत. तिची आय सकाळधरनं ताक आंबट करत बसलीया.”

मी रिकामी वाटी घेऊन घरी आलो. ब्राह्मी आईला सगळी हकीकत रंगवून सांगत होती. कानातल्या उत्तराबद्दल मात्र अवाक्षर नाही! माझ्याशीसुद्धा नाही, आजतागायत नाही. पोरीच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे माझं म्हणणं मी इथं जाहीरपणे मागे घेतो. मीही कुणाला काही बोललो नाही. आमच्या घराण्यातच ते आहे.

दुसऱ्या दिवशी शिवांजलीच्या घरी हादगा झाला. डबा पहिल्यांदा ब्राह्मीच्या हातात आला. तिनं तो नुसता कानाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाली, “सुरळीच्या वड्या!” शिवांजलीचं तोंड उघडं ते उघडंच! सगळी गल्ली आता म्हणते, पोरगी विलक्षण हुशार आहे, अगदी अंबूबाईंच्या तोडीची. बापावर गेलीय, असंही काहीजण म्हणतात.

बरोबरच आहे. सकाळी तिला शाळेत सोडताना स्कूटरवर आमच्या इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या होत्या, इतकंच!